विहिरीतली चोच

मृग लागण्यापूर्वी पुस्तकांची कपाटे रिकामी करून पुस्तकांना दोन दिवस ऊन दाखवावयाचे, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. हातखंब्याची हवा पुस्तकांना मानवत नाही. पावसाळ्याचे चार महिने भिंती घाम गाळीत असतात, आणि कपाटातल्या शेक्सपीअरला व ज्ञानेश्वरांना एकाच रंगाची बुरशी चढते. गेल्या मे महिन्यात खळ्यात चटई अंथरून मी हा वार्षिक विधी करीत बसलो असता कीट्सच्या कवितांच्या एका जुन्या प्रतीतून चार घड्यांचा एक कागद खाली पडला. वहीतून फाडलेला, रेघी कागद. उलगडून पाहतो तो आत पेन्सिलीने काढलेला एक पक्षी.

पक्षी म्हणावयाचा तो केवळ चोच आणि पिसे यांवरून. पाय घोड्याचे शोभावेत असे, मान खोंडासारखी जाड, पंख मात्र एखाद्या मोठ्या माणसाला तान्ह्या मुलाचे अंगरखे चढवावेत तसे इवलेसे. डोके अंगाच्या मानाने अवाढव्य असून त्याला पुढे कुऱ्हाडीच्या पात्यासारखी बाकदार चोच होती. चोचीचे टोक काळेभोर रंगविले होते, आणि तेथे बाण काढून लिहिले होते, ‘हा भाग सापडला.’ खाली सही नव्हती. परंतु तिची मला गरज नव्हती.

गोष्ट १९९९ सालच्या जुलैतली आहे. मी तेव्हा २८ वर्षांचा होतो, आणि २८ वर्षांच्या प्राध्यापकाइतका सर्वज्ञ मनुष्य जगात दुसरा नसतो. हातखंब्याच्या तिठ्यावर गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून रत्नागिरीची वाट फुटते. त्या वाटेने एस. टी.ने जाऊन मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवीत असे. त्याच गाडीने आमच्या शेजारच्या वाडीतला एक विद्यार्थीही यावयाचा. त्याचे वडील विहिरी खणण्याची कामे घेत. मुलगा अबोल, परंतु वाचनालयातल्या इंग्रजी ज्ञानकोशाची चित्रे तासन् तास पाहत बसण्याचा त्याला नाद होता. एके दिवशी तास सुरू होण्यापूर्वी तो माझ्या टेबलापाशी आला, आणि कागदाची पुडी सोडून त्याने एक वस्तू पुढे ठेवली. वीतभर लांब, एका टोकाला बाक असलेली, काळीकुळकुळीत. मी ती हातात घेतली. दगडाच्या मानाने ती फार हलकी होती, ही गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यावयास हवी होती.

“सर, उन्हाळ्यात विहीर खणताना गावलं हे. जांभ्याच्या खाली. चोच आहे काय ही?”

आणि त्याने तो कागद उलगडून दाखविला. ज्ञानकोशातल्या चित्रावरूनच तो पक्षी त्याने उतरविला होता, हे उघड होते.

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवते, कारण वर्ग त्यावर मोठ्याने हसला, आणि वर्गाने हसण्यासारखे काही बोलण्याचा योग मला त्या काळी क्वचितच येई. मी म्हणालो, “अरे, तुझा हा पक्षी दक्षिण अमेरिकेतला. महाराष्ट्रात न उडणारा थोर पक्षी कधी झालाच नाही. आणि जांभ्याच्या खाली काय असणार? आणखी जांभा! चोच फुटली आहे ती तुझ्या कल्पनेला.” तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने वस्तू उचलली आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. कागद टेबलावरच राहिला. मी तो कीट्सच्या पुस्तकात खुणेसाठी घातला आणि शिकवावयास लागलो.

आता मजा अशी की, माझ्या त्या तीन वाक्यांपैकी पहिले तेवढे खरे होते.

तो पक्षी दक्षिण अमेरिकेतला, याविषयी वाद नाही. त्याचे शास्त्रीय नाव फोरुस्रॅकोस. त्याचे कुल मोठे होते, आणि सहा कोटी वर्षांपूर्वीपासून सुमारे वीस लक्ष वर्षांपूर्वीपर्यंत त्या कुलातले पक्षी त्या खंडात हिंडत होते. त्या काळाच्या बहुतेक भागात दक्षिण अमेरिका हे चहूकडून समुद्राने वेढलेले बेट होते. वाघसिंहांसारखी जनावरे तेथे पोहोचली नव्हती, आणि त्यांची जागा या पक्ष्यांनी घेतली होती. उडणे त्यांनी केव्हाच सोडले होते. भक्ष्यामागे धावावयाचे, आणि गाठले की चोचीने वरून खाली घाव घालावयाचा, असा त्यांचा खाक्या असावा. असावा असे म्हणतो, कारण त्यांच्यापैकी एकाच्या कवटीचा ताण मोजून २०१० साली शास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे की, ती वरखाली ताठ होती, परंतु आडवा हिसका तिला सोसला नसता. त्यांचा जवळचा आप्त, सेरिएमा नावाचा लांब पायांचा पक्षी, ब्राझील-अर्जेंटिनाच्या माळरानांवर आजही आढळतो. तो साप-सरडे चोचीत धरून जमिनीवर आपटून मारतो. धोब्याची ही कला त्याने कोणाकडून उचलली कोण जाणे. पण पूर्वजांच्या चरित्रावर ती बराच प्रकाश टाकते. अर्थात या पूर्वजांचेही दिवस नेहमीच चांगले नसत. कोलंबियात मिळालेल्या त्यांच्यापैकी एकाच्या पायाच्या हाडावर एका प्रचंड सुसरीच्या दातांच्या खुणा आहेत, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

परंतु या पक्ष्याच्या चरित्रापेक्षा त्याच्या शोधाची हकीकत मला अधिक जवळची वाटते. १८८७ साली पॅटागोनियातून आलेला खालच्या जबड्याचा एक तुकडा फ्लोरेंतिनो अमेगिनो या अर्जेंटिनातल्या विद्वानाने तपासला आणि हे दात नसलेले एखादे सस्तन जनावर असले पाहिजे, असा निर्णय देऊन त्याचे बारसे उरकले. अमेगिनो सामान्य मनुष्य नव्हता. नामशेष प्राण्यांची शेकडो नावे त्याने ठेविली आहेत. पण एवढा मोठा जबडा पक्ष्याचा असेल, हे त्याच्या मनास शिवले नाही. चार वर्षांनी अधिक हाडे मिळाली, तेव्हा पक्षी पक्ष्यांत जमा झाला. उलट पक्षी इंग्लंडातल्या रिचर्ड ओवेनचे उदाहरण पाहा. १८३९ साली न्यूझीलंडहून आलेला मांडीच्या हाडाचा जेमतेम वीतभर तुकडा त्याच्या हाती पडला, आणि तेवढ्यावरून त्या बेटात शहामृगाएवढा न उडणारा पक्षी होऊन गेला असला पाहिजे, असे त्याने जाहीर केले. लोक साशंक होते. पुढे मोआची हाडे पेट्या भरभरून आली. याच ओवेनने १८४७ साली आपल्या मुंबईच्या वरळीच्या खडकात मिळालेल्या एका चिमुकल्या अश्मीभूत बेडकाचेही वर्णन केले आहे. जगातल्या सर्वांत थोर पक्ष्यांपैकी एक आणि वरळीचा अंगठ्याएवढा बेडूक यांना एकाच माणसाच्या टेबलावर सारखा मान मिळाला होता. त्या जुलैत माझ्याही टेबलावर एक वस्तू येऊन पडली होती, आणि मी तिला किती वेळ दिला? अर्धे मिनिट असेल.

त्यानंतर काही वर्षांनी, २००६ साली, या घातकी पक्ष्यांच्या कुलातली सर्वांत मोठी कवटी मिळाल्याचे जगास कळले. लांबी सुमारे ७१ सेंटिमीटर; म्हणजे नुसते डोकेच सव्वादोन फुटांहून अधिक. पॅटागोनियातल्या कोमाल्यो नावाच्या खेड्यात, रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, दोन घरांच्या मधल्या जागेत ती पडली होती, आणि सापडली ती एका शाळकरी विद्यार्थ्यास! तेथल्या आदिवासींच्या पुराणातल्या एका पक्षिरूप भुताच्या नावावरून तिला केलेन्केन असे नाव दिले गेले. ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती हातखंब्याच्या गाडीतल्या त्या मुलाची. तरी मी स्वतःची समजूत घातली. म्हटले, तेथे सापडली ती कवटी होती. आपल्याकडे आला तो काहीतरी दगड होता.

ही समजूत फार दिवस टिकली नाही. परीक्षक म्हणून जळगावकडे जाण्याचा योग आला असता इतिहास शिकविणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी मी उतरलो होतो. गप्पांच्या ओघात ते सहज म्हणाले, “आमच्या चाळीसगाव तालुक्यात शहामृगे होती, हे तुम्हांला ठाऊक असेलच.” मला ठाऊक नव्हते. त्यांनी कपाटातून डॉ. साळी यांचा महाराष्ट्रातील अश्मयुगीन संस्कृतींवरचा ग्रंथ काढून पुढे ठेविला. तो डेक्कन कॉलेजने १९८९ साली प्रसिद्ध केला, म्हणजे मी वर्गात ते वाक्य उच्चारले त्यापूर्वी पुरती दहा वर्षे तो छापून तयार होता. पाटणे या गावी साळ्यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. त्याच कवचाचे केलेले मणी मिळाले. आणि एका तुकड्यावर तर समांतर रेघांच्या मधोमध फुलीफुलीची नक्षी कोरलेली होती. वय सुमारे २५,००० वर्षे. देशात अन्यत्र मिळालेल्या अशा कित्येक कवचांवरील रेषा माणसाच्या हातच्या नसून निसर्गतःच उमटलेल्या आहेत, असे पुढे अभ्यासकांनी दाखविले. पाटण्याचा तुकडा मात्र त्या कसोटीलाही उतरला. माळव्यात आणि राजस्थानातही अशी कवचे पुष्कळ मिळाली आहेत. त्यांपैकी काहींत शिल्लक राहिलेली आनुवंशिक द्रव्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासली गेली, आणि हा पक्षी आजच्या आफ्रिकेतल्या शहामृगाचाच सगा होता, हे २०१७ साली निश्चित झाले.

म्हणजे महाराष्ट्रात न उडणारा थोर पक्षी झाला होता. एवढेच नव्हे, तर खानदेशातल्या कोणा बाईने किंवा बाप्याने त्याच्या अंड्याच्या कवचाचे मणी ओवून गळ्यात घातले असतील. शहामृग हिंस्र नव्हे, हे मला मान्य आहे. पण मी वर्गात हिंस्र म्हटले नव्हते, न उडणारा म्हटले होते. त्या रात्री त्या गृहस्थांच्या माडीवर मला झोप लागली नाही. भाषेच्या मास्तराला अशा वेळी शब्दांचाच आधार. मी शहामृग या शब्दाशी खेळत राहिलो. मूळ फारसी नाव शुतुर्मुर्ग, म्हणजे उंटपक्षी. आपण उंटाचा शहा केला आणि मुर्गाचा मृग. पक्ष्याचे हरिण करून टाकले आणि पुन्हा वर राजपदही दिले. गंमत अशी की, फारसी मुर्ग आणि संस्कृत मृग हे एकाच मुळापासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. तेव्हा आपल्या पूर्वजांची ही चूकही अगदीच परकी नव्हती. पण चूक ती चूकच. आणि पक्षी हातचा जाऊनही त्याचे नाव, विकृत का होईना, आपल्या भाषेत परत आले, याचे मला त्या अंधारात उगीचच बरे वाटले.

हिंस्र या शब्दाचेही काही खरे नाही, हे मला मागाहून कळले. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात सापडणारा डायाट्रिमा ऊर्फ गॅस्टॉर्निस हा असाच एक धिप्पाड, न उडणारा पक्षी. चोच पाहून विद्वानांनी त्याला मांसाहारी ठरविले, आणि तो घोड्याच्या इवल्या पूर्वजांना फाडून खात आहे, अशी चित्रे पिढ्यान् पिढ्या ज्ञानकोशांतून छापली गेली. अलीकडे त्याच्या हाडांतल्या चुन्याचे पृथक्करण झाले, आणि तो बहुधा पाला आणि फळे खाऊन राहणारा निघाला. ज्याच्यावर खुनाचा आरोप शंभर वर्षे होता, तो शाकाहारी! आमचा फोरुस्रॅकोस मात्र शिकारी तो शिकारीच राहिला आहे.

राहता राहिले तिसरे वाक्य, जांभ्याच्या खाली जांभा. या वाक्याची वाट लागावयास मला चाळीसगावापर्यंतही जावे लागले नाही. आमच्या गावाचा सगळा सडा म्हणजे एकसंध कातळ. घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, गडगे जांभ्याचे, विहिरीचे कठडे जांभ्याचे. लहानपणापासून पायाखाली दुसरे काही पाहिलेच नाही. १८०० सालच्या प्रवासात मलबारात फ्रान्सिस बुखाननने हा दगड विटांप्रमाणे कापताना पाहिला आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचे लॅटराइट असे नाव ठेविले. हजारो पावसाळ्यांनी मूळ खडकातला सारा विरघळणारा अंश धुऊन नेला, आणि मागे लोखंडाचा व ॲल्युमिनियमचा गंज उरला, तो हा जांभा. यात हाड टिकत नाही. माझा आत्मविश्वास बसला होता तो या अर्ध्या ज्ञानावर. परंतु जांभ्याला तळ असतो, हे मी विसरलो होतो. रत्नागिरीच्या परिसरात खोल विहिरी खणताना कित्येक ठिकाणी जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागतो, आणि त्या मातीत पाने, लाकडे, राळ, हे सारे काळे पडून कोळशाच्या वाटेला लागलेले सापडते. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी भूगर्भशास्त्रज्ञांनीच याची नोंद करून ठेविली आहे. त्या मातीतल्या परागकणांवरून तिचे वय मायोसीन ठरते. आणि मायोसीन म्हणजे पॅटागोनियात फोरुस्रॅकोस धावत होता तोच काळ. हातखंब्याच्या त्या विहिरीच्या तळाशी तोच थर असेल, तर मुलाने आणलेली वस्तू जेव्हा हिरवी होती, तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा पक्षी जिवंत होता. त्याचे स्थळ चुकले होते, काळ नव्हे.

हे सगळे मला गेली दहाबारा वर्षे माहीत आहे. ते मी कोणालाही सांगितले नाही. मुलगा बी. ए. न होताच कॉलेज सोडून गेला होता. त्याला माझे बोलणे कारण झाले, असे म्हणण्याइतका मी स्वतःला महत्त्वाचा समजत नाही. आणि तरीही एस. टी.तून उतरून घरी येताना त्याच्या वाडीच्या वळणावर माझी मान आपोआप दुसऱ्या बाजूला वळत असे. माणूस इतक्या वर्षांत समोरासमोर येत नाही, असे हातखंब्यासारख्या गावात घडत नाही. आम्ही भेटत होतो, नमस्कार होत होते, पावसापाण्याच्या चौकशा होत होत्या. चोचीचा विषय तेवढा कोणी काढला नाही.

कीट्समधून कागद पडला त्या संध्याकाळी मी तो खिशात घालून त्याच्या घरी गेलो. आता तो स्वतः विहिरींची कामे घेतो. ओटीवर बसून तो मजुरांचा हिशोब करीत होता. मला पाहताच उठला. त्याची आई आतून पाणी घेऊन आली आणि “बसा मास्तर” म्हणून दारातच उभी राहिली. मी बरीच प्रस्तावना केली. पाटण्याचे शहामृग सांगितले, अमेगिनोची चूक सांगितली, जांभ्याखालचा थर सांगितला. तो थर त्याला अर्थातच माझ्याहून अधिक ठाऊक होता. “पाणी त्याच मातीवर अडतं सर,” तो म्हणाला, “जांभा संपला की जपून खणायला लागतं.” शेवटी मी म्हणालो, “त्या दिवशी मी तुला चुकीचे सांगितले. ती वस्तू तू टाकून दिली असशील. ती ठेवावयास हवी होती. तुझी चोच नव्हती ती. पण लाकूड होते, कोट्यवधी वर्षांचे.”

“लाकूड होतं ते कळलं होतं, सर.”

“केव्हा?”

तो आईकडे पाहून हसला. “दुसऱ्याच दिवशी.”

“मीच घातला चुलीत,” म्हातारी म्हणाली. त्या दिवसांत पाऊस लागून राहिला होता, लाकडे ओली, आणि पोराने पडवीत आणून टाकलेला तो तुकडा कोरडा ठणठणीत. तिने लावून पाहिला. आधी नुसताच धुरकटला, गंधकासारखा वास सुटला, आणि मग लालबुंद होऊन भाकऱ्या होईपर्यंत निखारा टिकला. मुलगा चुलीपुढे बसून शेवटपर्यंत पाहत होता. हाड असे जळत नाही, हे त्याला कोणी सांगावयास नको होते.

“मग मला का नाही सांगितलेस?”

“तुम्ही तर आधीच सांगितलं होतंत, चोच नव्हे म्हणून.”

यावर मला काही सुचले नाही. मी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, ओटीच्या कडेला उजेडात नेला, पक्ष्याच्या मानेवरून आणि पायांवरून बोट फिरविले, आणि चोचीचा बाक तेव्हा आपण जरा जास्तच काढला होता, असे म्हणून कागद हिशोबाच्या वहीत ठेवून दिला. आत चहाचे आधण उकळत होते.